खाट सात, खाट आठ

१२ फेब्रुवारी

प्रिय आठवाली,

पत्र बघून दचकू नकोस. मीच आहे, खाट सातची बायको. वॉर्डाबाहेरच्या त्या एकुलत्या एक बाकावर बसून बसून आपण दोघींनी त्याचा रंग घालवला, आणि निघताना तू औषधाच्या पाकिटावर तुझा पत्ता लिहून दिलास. मी तेव्हा "फोन करीन" म्हटलं होतं खरं, पण आमच्याकडे फोन म्हणजे पंचाईत. घर एवढंसं, हे दिवसभर घरात, आणि यांचे कान असे की शेजारी चमचा पडला तरी "कोण पडलं?" म्हणून विचारतात. तुझ्याशी बोलायचं ते यांच्याबद्दलच ना? मग यांच्यासमोर कसं बोलू? म्हणून पत्र. दुपारी लाँड्रीत गिऱ्हाईक नसतं, इस्त्री थंड व्हायला ठेवते आणि काउंटरवरच लिहिते.

आमचं बरं चाललंय. टाके निघाले. मांडीपासून पोटरीपर्यंतची ती लांबच लांब चीर सुकली. डॉक्टरांनी निघताना पुन्हा एकदा समजावून सांगितलं, की आतली बंद पडलेली रक्तवाहिनी तशीच आहे, तिच्या बाजूने मांडीचीच शीर जोडून रक्ताला नवी वाट करून दिली आहे, आता ती वाट वाहती ठेवणं तुमच्या हातात, म्हणजे पायात. हे हसले. माणूस लिफ्टचा मेकॅनिक, जन्मभर लोकांना वरखाली न्यायची सोय केली. आता दारासमोरच्या तीन पायऱ्या चढून आले की मोठ्याने म्हणतात, "तिसरा मजला, सावकाश उतरा." मग दोन मिनिटं भिंतीला टेकून उभे.

सिगारेट सुटली असं सांगतात. मी खिसे तपासते. लाँड्रीवालीच्या घरात खिशातलं काही लपत नाही.

तुझ्या यांचं कळव. दोघांचं ऑपरेशन एका दिवशी, एकाच डॉक्टरांच्या हातचं, म्हणजे ते दोघं आता जुळे भाऊच झाले. माझ्यापेक्षा तू चांगली दहा वर्षांनी लहान, म्हणून अगंतुगं करते, रागावू नकोस.

तुझी,
सातवाली


२५ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

रागावते कसली! तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात कॉलेजच्या मुलांची ही रांग लागली होती. झेरॉक्स काढता काढता एक डोळा मशिनवर आणि एक तुमच्या पत्रावर. एकाला दुसऱ्याच्याच नोट्स देऊन टाकल्या.

आमचे हे मजेत आहेत. इतके की मलाच भीती वाटते. सकाळ-संध्याकाळ चालतात. ऑपरेशनच्या आधी आमच्या गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तीनदा थांबायचे, पोटरी धरून उभे राहायचे आणि कुणी बघितलं तर दुकानाची पाटी वाचतोय असं दाखवायचे. आता न थांबता बागेला फेरी मारून येतात. पुढच्या महिन्यात ड्रायव्हिंग स्कूल पुन्हा सुरू करणार. पाय डावा, म्हणजे क्लचचा. घरात खुर्चीवर बसून पायाखाली उशी ठेवून क्लच दाबायचा सराव चालतो. मी चहा घेऊन गेले तर म्हणतात, "पुढे बघा, आरशात बघा, मग वळा." एकवीस वर्षं शिकाऊ लोकांशेजारी जीव मुठीत धरून बसलेला माणूस, त्यांना शांत बसणं जमतच नाही.

भावोजींना सांगा, जुळ्या भावाने नमस्कार सांगितलाय आणि सिगारेट ओढलीत तर येऊन कान धरीन असं म्हटलंय. त्यांची स्वतःची खरंच सुटली. मी खिसे तपासत नाही, पण वास घेते.

तुमची,
आठवाली


२ एप्रिल

आठवाली,

तुला उत्तर द्यायला महिना गेला. महिना कसा गेला ते लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हाच यांचं काहीतरी बिनसलं होतं, पण मला पत्ता नव्हता. हे पलंगावर झोपायचे सोडून खुर्चीत झोपायला लागले. विचारलं तर म्हणाले, गादी टोचते. मी गादी उन्हात घातली, धोपटली, उलटी केली. तरी खुर्चीतच. मग एकदा पहाटे उठले तर पाय खाली सोडून बसलेले, दोन्ही हातांनी पाऊल दाबून धरलेलं, आणि चेहरा असा की कुणीतरी अंगावर उभं आहे. पाय वर घेतला की दुखतं, खाली लोंबकळत ठेवला की जरा कमी होतं. ते मला माहीत होतं गं! ऑपरेशनच्या आधीही हेच होतं. गादीवर विश्वास ठेवणारी मीच मूर्ख.

मोजा काढायला देईनात. "थंडी वाजते." मी शेवटी ओढून काढला. करंगळीशेजारच्या बोटाला काळा डाग, आणि पाऊल गार, फ्रीजमधून काढलेल्या भांड्यासारखं.

"कधीपासून?" म्हटलं.

"झाले असतील पंधरा-वीस दिवस."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू परत तिथे नेलं असतंस."

घेऊन गेले. त्याच डॉक्टरांनी पायावर जेल लावून रक्ताचा आवाज ऐकायचं ते मशिन फिरवलं. आधी मांडीपाशी धप धप आवाज आला, मग गुडघ्याकडे सरकवलं आणि आवाज थांबला. नुसती खरखर. डॉक्टर म्हणाले, जोडलेली शीर बंद पडली आहे, पूर्ण. लगेच आला असता तर गुठळी विरघळवून बघितली असती, तरी खात्री नव्हतीच. आता प्रयत्न करतो, म्हणाले. परवा केला. नाही झालं.

आता बोट काळं पडत चाललंय आणि सगळे वाट बघताहेत. कशाची ते कुणी बोलत नाही.

एक खरं सांगू? तुझं फेब्रुवारीचं पत्र मी परवा पुन्हा काढून वाचलं. ती बागेची फेरी, ते खुर्चीतलं क्लच. आणि मला तुझा राग आला. एका दिवशीचं ऑपरेशन, एकच हात, मग यांचंच का? मी अशी नव्हते. तुझ्या यांचं कसं आहे ते लिही. नको, लिहू नकोस. लिही.

सातवाली


९ एप्रिल

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. रडू आलं. दुकानात मुलं होती, म्हणून मशिनचं झाकण उघडून कागद अडकलाय असं दाखवत आत तोंड घालून उभी राहिले.

तुम्ही रागावलात त्याचं मला काही वाटलं नाही. आणि ताई, आमचंही काही ठीक नाही. तुम्हाला काळजी नको म्हणून लिहीत नव्हते. गेले काही दिवस यांच्या पोटरीत पुन्हा कळा येतात. संध्याकाळी जास्त. परवा तपासायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, शीर एका ठिकाणी बारीक झाली आहे, लक्ष ठेवावं लागेल. ड्रायव्हिंग स्कूलचं सध्या पुढे ढकललंय. हे गप्प गप्प असतात. तेव्हा तुम्ही एकट्याच आहात असं समजू नका. आपण त्या बाकावर अजून शेजारीशेजारीच बसलोय.

भावोजींचं लगेच कळवा. मी रोज पोस्टमनची वाट बघते.

तुमची,
आठवाली


२० मे

अगं आठवाली,

पाय गेला. गुडघ्याखाली.

आठवडाभर बोटावरून पावलावर, पावलावरून घोट्याकडे काळं चढत होतं. वास यायला लागला. माझ्या नाकात लाँड्रीचा साबण जन्माचा भरलेला, तरी यायचा. डॉक्टर म्हणाले, आता पाय वाचवायला गेलो तर माणूस जाईल. सही करायची होती. यांनी स्वतः केली. मला म्हणाले, "तू नको करूस. पुढे कधी भांडण झालं तर म्हणशील, मीच काढायला लावला." असा माणूस. आत नेताना हात वर करून स्ट्रेचरवाल्याला म्हणाले, "लिफ्ट जपून, दार नीट लागत नाही तिचं." खरंच लागत नव्हतं.

शुद्धीवर आले. चादर पायाकडे सपाट पडलेली असते, तिथे डोळा जाऊ नये म्हणून मी सारखी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायची, तर ते म्हणाले, "बघ की तिकडे. बघून घे एकदा." बघितलं.

तुला सांगते, या सगळ्यात तुझं ते एप्रिलचं पत्र मला फार आधार झालं. वाईट आहे हे बोलणं, तुझ्या नवऱ्याच्या कळांवर मी आधार घेते. पण मला वाटलं, निदान एक बाई आहे जिला मी सांगितलं की कळतं. आता माझं ऐक. रोज त्यांचा मोजा काढून पाय बघ. ते नको म्हणाले तरी बघ. गार लागला, पांढरा पडला, बोटात मुंग्या आल्या, तर एक दिवस थांबू नकोस, दुकानाचं शटर उघडं टाकून रिक्षात बस. आमचे पंधरा दिवस गेले ते तुझे जाऊ देऊ नकोस.

तुझी,
सातवाली


११ जून

आठवाली,

काल ड्रेसिंगला गेलो होतो. वॉर्डातल्या त्या जाड भिंगाच्या चष्म्याच्या सिस्टर भेटल्या. यांना व्हीलचेअरवर बघून त्यांचं तोंड उतरलं. मग धीर द्यायला म्हणाल्या, "सगळ्यांचं असं होत नाही हो. तुमच्या शेजारचे खाट आठ परवाच येऊन गेले, जिना चढून वर आले, आमच्यासाठी पेनं घेऊन. पायाची शीर अगदी उत्तम वाहतेय. शाळा सुरू केलीय म्हणे गाडीची, मार्चपासून."

मार्चपासून.

का गं?


१८ जून

ताई,

काय लिहू? सिस्टर म्हणाल्या ते खरं आहे. यांना कधीच काही झालं नव्हतं. एप्रिलचं सगळं मी बसल्या जागी रचलं. तपासणी झाली होती, पण डॉक्टर म्हणाले होते की छान आहे, तीन महिन्यांनी या.

तुम्ही लिहिलं होतंत की तुम्हाला माझा राग येतो. मी उत्तर लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं की हे बरे आहेत. वाचून बघितलं, तर ती दोन ओळींची बढाई वाटली. फाडला. दुसऱ्यावर यांचा विषयच काढला नाही, तर ते लपवल्यासारखं दिसलं. तोही फाडला. मग मला वाटलं, तुमच्यासारखंच आमचंही असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. आणि लिहून टाकलं. कळा, संध्याकाळ, बारीक झालेली शीर. इतकं भराभर सुचलं की माझीच मला लाज वाटली. तुमचं मे महिन्याचं पत्र आलं, "आधार झाला" म्हणून, तेव्हा ते मी झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवलं. उत्तर लिहायला दहादा बसले. जमलं नाही.

यांना काल सांगितलं. मला वाटलं हसतील. ते गाडी पुसत होते, फडकं तसंच हातात धरून म्हणाले, "माझ्या पायाचं दुखणं तू दुसऱ्याला वाटलंस?" आणि आत निघून गेले.

तुम्ही उत्तर नाही दिलंत तरी मी समजेन. भावोजींची तब्येत मात्र एका ओळीत कळवा.

आठवाली


९ ऑगस्ट

आठवाली,

एका ओळीत कळव म्हणालीस. एका ओळीत हे मावत नाहीत.

राग होता. गेला असं नाही, पण रोज इस्त्री करताना तुझ्याशी मनात भांडते आणि भांडायला दुसरं कुणी नाही असं लक्षात येतं. तू खोटं लिहिलंस याचं मला दुःख नाही. तू मला ओळखलंस याचं आहे. खरंच बरं वाटलं होतं मला.

यांना नकली पाय मिळाला. पहिल्या दिवशी उभे राहिले, दुसऱ्या दिवशी सोलवटलं, तिसऱ्या दिवशी पाय काढून भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा निघाला, पायाला काही झालं नाही. म्हणाले, "माल चांगला आहे." आता दोन तास घालतात. काम गेलं. मालकाने महिनाभर वाट बघितली आणि दुसरा माणूस घेतला. त्याचंही चुकलं नाही, एका पायाने लिफ्टच्या छतावर कोण उभं राहणार? तो नवा माणूस कधीकधी फोन करून यांना विचारतो, अमक्या इमारतीची तक्रार काय असायची म्हणून. तेवढ्या वेळापुरते हे ताठ बसतात. फोन ठेवला की पुन्हा खिडकी.

मी काही करू शकत नाही गं. कपडे धुते, भात टाकते, जखम पुसते. बाकी नुसती बघते.

यापुढे मला खरं लिही. ते गाडी चालवतात तर गाडी चालवतात म्हणून लिही. आपल्या दोघींत कुणाचा तरी चालतोय हे मला आता ऐकायचं आहे.

सातवाली


२३ ऑक्टोबर

ताई,

हे खरं आहे. विश्वास ठेवाल का, माहीत नाही, म्हणून पहिल्यांदाच लिहिते. हे खरं आहे.

ऑगस्टमध्ये तुमचं पत्र आल्यावर मी लगेच लिहायला हवं होतं. यांचं छान चाललं होतं, चार नवीन शिकाऊ आले होते, तेच लिहिणार होते. सणावारी घाई, दुकान, असं करत राहून गेलं. गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी हे दाढी करता करता म्हणाले, "पायाला मुंग्या आल्यात, जरा बघ." मी खाली बसून मोजा काढला. पाऊल पांढरं. हात लावला आणि तुमची सगळी पत्रं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. तोंडाला साबण तसाच. रिक्षा केली. तासाभरात आम्ही तिथे होतो. डॉक्टर म्हणाले, फार वेळेवर आणलंत. ताई, मला क्षणभर अभिमान वाटला.

जांघेतून बारीक नळी आत घालून तिच्यातून औषध सोडत ठेवलं. हलायचं नाही, कूस बदलायची नाही. गुठळी विरघळली. एक जागा अरुंद होती, तिथे जाळीची नळी बसवली. पाऊल गुलाबी झालं. सिस्टरांनी मला बोलावून दाखवलं. आम्ही घरी आलो. गोळ्या एकही चुकवली नाही. सिगारेट नाही. चालणं रोज.

काल पुन्हा बंद पडली.

डॉक्टरांना विचारलं, आमचं काय चुकलं? ते म्हणाले, "काही नाही. काहींचं असं होतं." आणि पुढच्या पेशंटकडे वळले. त्यांनी आमची चूक काढली असती तर बरं झालं असतं. सुधारायला काहीतरी राहिलं असतं.

ताई, मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं, शीर एका ठिकाणी बारीक झाली आहे. अगदी तेच शब्द डॉक्टरांनी गेल्या महिन्यात ती जाळी बसवताना वापरले. मी जे रचलं ते यांच्या पायात उतरलं, असं डोक्यातून जात नाही. तुम्ही काही म्हणा.

आठवाली


२८ ऑक्टोबर

अगं वेडे,

आज लगेच लिहिते, गिऱ्हाईक उभं आहे, उभं राहू दे.

विश्वास ठेवते. पहिल्या ओळीलाच ठेवला.

तुझ्या लिहिण्याने कुणाच्या शिरेत गुठळी होत नाही. तसं असतं तर मी एप्रिलपासून देवाला जे जे लिहून मागितलं त्यातलं एक तरी झालं असतं. यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. हो, दाखवलं, आता यांच्यापासून काय लपवायचं? त्यांनी नकली पायाचे पट्टे सोडले. मग म्हणाले, "मी पंधरा दिवस लपवलं म्हणून पाय गेला, असं मी स्वतःला रोज सांगतो. त्याने तासाभरात दाखवला, तरी त्याचीही बंद पडली. मग आता मी स्वतःला काय सांगू?"

मी उठून कपडे भिजवायला गेले.

पुढे काय ठरलं ते कळव. आणि जेव. न जेवता तिथे बसलीस तर ते तुलाच शेजारची खाट देतील.

सातवाली


१३ डिसेंबर

ताई,

नोव्हेंबरात दुसरं ऑपरेशन झालं. उजव्या पायाची शीर पहिल्याच वेळी काढली होती, म्हणून आता दोन्ही दंडांतल्या काढल्या आणि एकाला एक जोडून पायात घातल्या. आठ तास. दोन्ही हातांना पट्ट्या, पायाला पट्ट्या, माणूस टेकवायला जागा नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, माझी शीर घ्या ना. लोक मूत्रपिंड देतात, मग शीर का नाही? ते हसले नाहीत. म्हणाले, दुसऱ्याची टिकत नाही, शरीर ती बंद पाडतं. मी म्हटलं, यांची स्वतःचीही टिकत नाहीये. ते कागदावर काहीतरी लिहायला लागले.

ती नऊ दिवस चालली.

आता दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, प्लास्टिकची नळी घालून आणखी एकदा बघू. टिकेल असं सांगता येत नाही, त्यात जंतू गेले तर जिवावर बेतेल, आणि यांचं हृदयही तपासणीत थकलेलं दिसतंय. दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

हे मला विचारतात. दिवसातून दहादा. "तू सांग. तू म्हणशील ते." एकवीस वर्षं लोकांना ब्रेक कधी दाबायचा ते सांगणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघत असतो. मी काढा म्हटलं तर मी काढला. घाला म्हटलं आणि ते टेबलावरच गेले, तर तेही माझंच. मी नुसतं "बघू" म्हणते. दुखणं इतकं आहे की पायावर चादरसुद्धा टेकू देत नाहीत. काल म्हणाले, "तुझ्या त्या ताईला विचार, तिचं काय झालं." म्हणून विचारते. ताई, मी काय सांगू यांना?

आठवाली


१६ डिसेंबर

आठवाली,

मला माहीत नाही काय सांगायचं. इथे बसून तर मुळीच माहीत नाही.

गुरुवारच्या बसने येते. लाँड्री बंद ठेवते, गिऱ्हाइकांनी आठवडाभर चुरगळलेले घालावेत. यांना विचारलं, तुम्ही एकटे कसे राहाल? तर म्हणाले, "जा तू. मी काय पळून जातोय?" शेजारीण डबा देईल.

मी येऊन काही होणार नाही, हे तुलाही माहीत आहे. पण मला खुर्चीत बसून झोपता येतं, आणि मलमपट्टी बघून मी डोळे फिरवत नाही. स्टँडवर येऊ नकोस, त्यांना सोडून येऊ नकोस. वॉर्ड मला सापडतो.

सातवाली


२१ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही गेलात त्याला दीड महिना होऊन गेला. लिहिते लिहिते करत आज बसले.

तुम्ही होतात तेव्हा पाय गुडघ्याखाली काढला होता, आणि निघताना तुम्ही यांना म्हणालात, "गुडघा आहे ना, मग पुष्कळ आहे." तुम्ही बसमध्ये बसलात त्याच्या चौथ्या दिवशी जखमेच्या कडा काळ्या पडल्या. रक्त तिथवरही पोचत नव्हतं. गुडघाही गेला. तुम्हाला फोन करायला उचलला होता, मग ठेवला. तुम्ही धरून आणलेला धीर होता, तो एवढ्यात मोडायला नको वाटलं.

त्यांनी स्वतःच कसं ठरवलं ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही त्यांच्या उशाशी बसून त्यांची उसवलेली शाल शिवत होतात, सल्ला एका अक्षराचाही दिला नाहीत. त्यांनी विचारलं, "भावोजी आता काय करतात?" तुम्ही म्हणालात, "चिडतात, खातात, खिडकीत बसतात. मी घरी गेले की उशीर का केलास म्हणून विचारतात." ते मान वळवून मला म्हणाले, "डॉक्टरांना बोलाव." तेव्हा मला तुमचा फार राग आला होता. आज सांगते.

आता आम्ही घरी आहोत. गाडी विकली. घ्यायला आलेल्या माणसाला हे बसल्या जागेवरून समजावून सांगत होते, दुसऱ्या गिअरला जरा अडते, जोर करू नका. तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले, ते दुसऱ्या दिवशी जेवायलाच उठले. इतक्या वरून कापलेल्या पायाला नकली पाय बसतो म्हणे, पण त्याला दम लागतो आणि यांचं हृदय तेवढं नाही. डॉक्टर तसं सरळ म्हणाले नाहीत. म्हणाले, "घाई नको."

दुसरीही गोष्ट आहे. उजव्या पायातही रक्त कमी झालंय. तपासणीत आलं. आता जोडायला शीर उरलेली नाही, ना पायात ना हातात. मी विचारलं, मग काय करायचं? डॉक्टर म्हणाले, "लक्ष ठेवा."

म्हणून मी लक्ष ठेवते. दुसरं काय करणार? रोज सकाळी हे उठायच्या आत हळूच पांघरुणात हात घालून उजवं पाऊल बघते. यांना कळू नये म्हणून श्वासही धरते. आज हात घातला तर हे जागेच होते. डोळे मिटलेले, पण म्हणाले, "काय गं, आहे का गरम?"

मी म्हटलं, "आहे."

"तुझे हात बघ किती गार आहेत. तुला काय कळणार?"

आणि माझा हात ओढून स्वतःच्या काखेत धरून ठेवला. मी तशीच बसून राहिले. दुकान उघडायला आज उशीर झाला.

भावोजींना नमस्कार.

तुमची,
आठवाली